टेबलावरचं फ्लुरोसन्स ॲनालायझर : सोलापुरातल्या नव्या टेक्निशियनसाठी

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) करून नुकतंच लॅबमध्ये लागलेल्यांना पहिल्या आठवड्यातच हे छोटं यंत्र दाखवलं जातं. समोर स्क्रीन, खाली कार्ड सरकवायची खाच. "याच्यावर सीआरपी, ट्रोपोनिन, डी-डायमर, टीएसएच, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, डेंग्यू एनएस-1 सगळं होतं. कार्ड घाल, बटण दाब." एवढं सांगून शिकवणारा पुढच्या पेशंटकडे वळतो. (ही नावं म्हणजे अनुक्रमे सूज, हृदयाची इजा, रक्ताच्या गुठळ्या, थायरॉइड, लोहाचा साठा, जीवनसत्त्व आणि डेंग्यू यांच्या टेस्ट.)

बटण दाबणं खरंच सोपं आहे. पण आकडा बरोबर येणार की नाही, हे बटणाच्या आधीच ठरून गेलेलं असतं. किट कुठे ठेवलं होतं, रक्त कोणत्या नळीत घेतलं, थेंब केवढा पडला, घड्याळाकडे कोणाचं लक्ष होतं, यावर ते अवलंबून असतं. सोलापुरात या यादीत सगळ्यात वर ऊन येतं. म्हणून या लेखात यंत्राच्या मेन्यूपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या कामांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आत काय चालतं

बँकेच्या काउंटरवर नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की त्यातले धागे चमकताना तुम्ही पाहिलं असेल. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकायचा, हेच फ्लुरोसन्स. क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 साली हे मांडलं. आपल्या कार्डात हे काम बऱ्याचदा युरोपियम या मूलद्रव्याचे सूक्ष्म कण करतात. 365 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश ते घेतात आणि 610 च्या पुढचा लाल प्रकाश देतात. घेतलेल्या आणि दिलेल्या प्रकाशात एवढं अंतर असल्यामुळे दिव्याचा उजेड फिल्टरने अडवून फक्त कणांचा प्रकाश मोजता येतो. शिवाय दिवा बंद झाल्यावरही हा लाल प्रकाश शेकडो मायक्रोसेकंद टिकतो. रक्तातले आणि प्लास्टिकमधले इतर पदार्थ चमकले तरी ते त्याच्या कितीतरी आधी विझतात. त्यामुळे काही यंत्रं दिवा विझल्यावर क्षणभर थांबून मग मोजतात.

कार्डाच्या आत नायट्रोसेल्युलोजची पट्टी असते. हे कण अँटिबॉडीला (ठरावीक पदार्थालाच पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडून पट्टीच्या सुरुवातीलाच कोरडे बसवलेले असतात. काही किटमध्ये ते बफरच्या (सॅम्पल मिसळायच्या द्रावणाच्या) ट्यूबमध्ये असतात, म्हणून एका टेस्टचं बफर दुसऱ्या टेस्टला कधीही चालत नाही. रंग आणि वास सारखा असला तरी नाही. सॅम्पल पट्टीवरून पुढे सरकतं, बहुतेक टेस्टमध्ये शोधायचा पदार्थ कणांसकट टी (टेस्ट) रेषेवर अडकतो आणि उरलेले कण सी (कंट्रोल) रेषेवर. यंत्र दोन्ही रेषांवरून दिवा फिरवून प्रकाश मोजतं, बहुधा त्यांचं गुणोत्तर काढतं आणि त्या लॉटच्या (एकत्र बनलेल्या कार्डांच्या खेपेच्या) कॅलिब्रेशन वक्रावर, म्हणजे किती प्रकाशाला किती पातळी हे सांगणाऱ्या आलेखावर, ठेवून आकडा देतं. तो वक्र किटसोबतच्या छोट्या चिपमध्ये किंवा क्यूआर कोडमध्ये असतो. चिप एका लॉटची आणि कार्ड दुसऱ्या लॉटचं असं झालं तर काही यंत्रं थांबतात, पण सगळी थांबतीलच असं नाही. खोकं फोडल्याबरोबर चिपवरचा, पाऊचवरचा आणि स्क्रीनवरचा लॉट नंबर मोठ्याने वाचून जुळवा. जुन्या लॉटची चिप टेबलावर ठेवूच नका.

यंत्र घेताना

हा निर्णय मालकाचा असला तरी तुम्हाला विचारलं जाईल. यंत्र स्वस्तात किंवा फुकट देतात आणि कमाई किटमधून करतात, कारण एका कंपनीच्या यंत्रावर दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालत नाही. म्हणून यंत्राच्या किमतीआधी दर टेस्टचा खर्च विचारा. 25 कार्डांचं पाकीट आणि महिन्याला प्रोकॅल्सिटोनिनच्या (गंभीर जंतुसंसर्गाच्या टेस्टच्या) दोन-तीनच केसेस, तर एक्सपायरीपर्यंत अर्धं पाकीट वाया जाईल. किट आणि यंत्राच्या खोक्यावर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017 खालचा उत्पादन किंवा आयात परवाना क्रमांक असलाच पाहिजे. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. आणि बिघाड झाला तर इंजिनिअर पुण्याहून किती दिवसांत येतो, हे तोंडी नको, लेखी हवं.

जागा आणि वीज

यंत्र खिडकीतल्या उन्हापासून, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून आणि सेंट्रिफ्यूजपासून दूर ठेवा. सेंट्रिफ्यूज थरथरतं आणि कार्ड हळूहळू सरकवणाऱ्या ट्रेला ती थरथर मानवत नाही. वाऱ्याने पट्टी वाळते आणि सॅम्पल मध्येच अडतं.

यूपीएस लावाच. वीज जाते तेव्हा दहा मिनिटांच्या इन्क्युबेशनवर (जोडणी होईपर्यंत थांबायच्या वेळेवर) ठेवलेलं कार्ड वाया जातंच. त्याहून वाईट म्हणजे वीज परत येताना जो झटका बसतो तो. बॅटरीवर चालणारं मॉडेल असेल तर कॅम्पसाठी उत्तम, पण रोज रात्री चार्जिंगला लावायची जबाबदारी एका ठरावीक माणसाची हवी.

किट आणि ऊन

इथे घाई करू नका. बहुतेक कार्डांवर साठवणुकीचं तापमान 4 ते 30 अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, काही बफर 2 ते 8 मध्येच ठेवावे लागतात. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा 40 च्या वर जातो, काही दिवस 43-44 लाही टेकतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीसुद्धा 30 च्या खाली येत नाही. म्हणजे "रूम टेंपरेचरला ठेवा" असं किटवर छापलेलं असलं तरी आपल्याकडे उन्हाळ्यात किट फ्रिजमध्येच जायला हवं. छापणाऱ्याच्या मनातली खोली 20-25 अंशांची असते.

उष्णतेने काय बिघडतं? पट्टीवरच्या अँटिबॉडी ही प्रथिनं असतात, त्यांची पकड हळूहळू सैल पडते. कार्ड दिसायला तसंच असतं, सी रेषाही येते, यंत्र एरर दाखवत नाही. फक्त आकडा थोडा सरकलेला असतो. दुरून पाहून हे कोणालाच ओळखता येत नाही, म्हणून वाटेतली साखळी सांभाळावी लागते.

किट बऱ्याचदा पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतं. उन्हाळ्यात रात्रीच्या गाडीने पाठवायला सांगा आणि पहाटे उतरवून घ्या. पार्सल आणणारा मुलगा खोकं दुपारच्या उन्हात लॅबच्या पायरीवर ठेवून निघून जात असेल तर त्याला आधीच फोन करून बजावून ठेवा. खोकं हातात आल्यावर आधी आइस पॅक चाचपून पाहा. थंड बफर मागवलेला असताना पॅक वितळून कोमट झालेले असतील तर फोटो काढा, सही करताना शेरा लिहा, माल बाजूला ठेवा आणि कंट्रोल (पातळी आधीच माहीत असलेला नमुना) लावून पाहिल्याशिवाय वापरू नका.

फ्रिजमध्ये किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. रात्री चार तास वीज नव्हती हे सकाळी फक्त तोच सांगतो. कार्ड फ्रीजरच्या भिंतीला टेकू देऊ नका. दारातल्या कप्प्यातही ठेवू नका, तिथलं तापमान दिवसभर वरखाली होत असतं.

आता उलट बाजू. फ्रिजमधून काढलेला पाऊच लगेच फोडला की गार कार्डावर हवेतलं पाणी धरतं आणि नायट्रोसेल्युलोज ओलं होतं. म्हणून न फोडलेला पाऊच 20 ते 30 मिनिटं बाहेर ठेवायचा, मगच फाडायचा. आत सिलिका जेलची छोटी पुडी असते. ती रंग बदलणारी असेल आणि रंग बदललेला असेल, किंवा पाऊचला बारीक भोक दिसत असेल, तर ते कार्ड बाद. फोडलेलं कार्ड लगेच वापरा. "पेशंट येतोच आहे" म्हणून आधीच फोडून ठेवलेलं कार्ड जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तासाभरात खराब होतं.

टेस्ट लावायच्या खोलीलाही मर्यादा असते. बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात 30 ते 35 अंशांपर्यंतच चालवा असं असतं, कारण गरम खोलीत द्रव जास्त वेगाने पळतो आणि अँटिबॉडीची जोडणीही वेगळ्या गतीने होते. आपलं मत स्पष्ट आहे: मे महिन्यात ज्या खोलीत एसी नाही, तिथे या यंत्रावर दुपारी बाराच्या पुढे ट्रोपोनिन किंवा टीएसएच लावू नये. एसी परवडत नसेल तर टीएसएचची सॅम्पल सकाळी आटोपा, किंवा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव) वेगळं करून गार ठेवा आणि संध्याकाळी लावा. ट्रोपोनिन मात्र असं थांबवून ठेवता येत नाही, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

सकाळची सुरुवात

यंत्र चालू करा, सेल्फ-चेक होऊ द्या. सोबत आलेलं सिस्टिम-चेक कार्ड घाला. ते दिवा आणि सेन्सर तपासतं, किट तपासत नाही. हा फरक नव्यांच्या लक्षात राहत नाही आणि "चेक ओके आला" म्हणून ते निर्धास्त होतात.

किट तपासायचं तर कंट्रोल सीरम लागतं, एक नॉर्मल आणि एक वाढलेल्या पातळीचं. नवा लॉट उघडला, यंत्र हलवलं, फ्रिज बंद पडला होता, किंवा डॉक्टरांनी रिपोर्टबद्दल शंका घेतली, की कंट्रोल लावायचाच. एरवी किती वेळा लावायचा ते पॅथॉलॉजिस्टनी ठरवून द्यावं. आकडे लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर (कंट्रोलचे रोजचे आकडे दाखवणाऱ्या आलेखावर) टिपा. एखादा आकडा 2 एसडीच्या (सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या) बाहेर गेला तर कारण शोधा. पण सहा-सात दिवस आकडे मर्यादेच्या आत राहूनही सरासरीच्या एकाच बाजूला बसत असतील तर तेही तितकंच गंभीर आहे. कार्ड खर्च होतं म्हणून कंट्रोल टाळणाऱ्या लॅबा आहेत. तिथला रिपोर्ट पेशंटच्या पैशांनी घेतलेला अंदाज असतो.

महिन्यातून एकदा चार-पाच सीरम दोन भागांत करून एक भाग मोठ्या ॲनालायझर असलेल्या लॅबला पाठवा आणि आकडे शेजारी मांडा. शक्य असेल तर बाह्य गुणवत्ता कार्यक्रमातही (बाहेरून आलेले नमुने तपासून आपले आकडे इतर लॅबशी ताडून पाहायचे) भाग घ्या. वेल्लोरच्या सीएमसीचा (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा) कार्यक्रम देशभरातल्या लॅब वापरतात.

सॅम्पल

कोणत्या टेस्टला कोणती नळी, हे किटच्या कागदावर वाचा, सवयीवर जाऊ नका. साधारणपणे एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) जांभळ्या टोपीच्या ईडीटीएमध्ये, डी-डायमर निळ्या टोपीच्या सायट्रेटमध्ये. निळी नळी खुणेपर्यंत भरायची, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धी भरली तर रक्त जास्त पातळ होतं आणि आकडा खाली येतो. सीरम हवं असेल तर साध्या नळीतलं रक्त अर्धा तास नीट गोठू द्या. घाईने फिरवलेल्या सीरममध्ये फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) बारीक धागे राहतात, ते पट्टीच्या तोंडाशी अडकतात आणि प्रवाह एका बाजूनेच जातो.

सीरमचा रंग पाहिल्याशिवाय पिपेट बुडवू नका. लालसर असेल तर हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. दुधाळ असेल तर चरबी, पेशंटला काय आणि कधी खाल्लं ते विचारा. गडद पिवळं असेल तर कावीळ. तिन्ही वेळा शेरा लिहा, हिमोलिसिस असेल तर नवीन सॅम्पल मागा.

अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याच्या कलेक्शन सेंटरवरून येणारी सॅम्पल मोटरसायकलच्या पेटीत दोन-दोन तास फिरतात. तिथेच सीरम वेगळं करून, आइस पॅकसह, नळी उभी ठेवून पाठवण्याची शिस्त लावा. नळी थेट बर्फाला लागली तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून मध्ये कापड किंवा थर्माकोल ठेवायचं.

बोटातून घेतलेल्या किंवा अख्ख्या रक्तावर टेस्ट करायची असेल तर यंत्रात "होल ब्लड" निवडायला विसरू नका. अख्ख्या रक्तात साधारण 55 टक्केच प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेला द्रव) असतो, त्यामुळे यंत्र आकडा तेवढ्या प्रमाणात वाढवून दाखवतं. इथे एक मेख आहे. बरीच छोटी यंत्रं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींची टक्केवारी) सगळ्यांचं सारखंच धरतात. समोर हिमोग्लोबिन साडेसहा असलेली बाई बसली असेल तर तिचा हिमॅटोक्रिट 20 च्या आसपास, म्हणजे प्लाझ्मा 80 टक्के. खरा सीआरपी 10 असताना यंत्र तो साडेचौदाच्या घरात दाखवेल. रक्तक्षय आपल्याकडे किती आहे हे तुम्ही रोज पाहताच. अशा पेशंटचं सीरमच लावा.

पेशंटला एक प्रश्न आणखी विचारा: केस किंवा नखांसाठी गोळ्या चालू आहेत का? त्यांत बहुधा बायोटिन हे व्हिटॅमिन असतं. किट बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन पद्धतीचं (जोडणीसाठी बायोटिनच वापरणारं) असेल तर टीएसएच खोटा कमी आणि टी-4 (थायरॉइडचं हार्मोन) खोटा जास्त येऊ शकतो, आणि धडधाकट माणसाला थायरॉइड वाढल्याचा रिपोर्ट जातो.

थेंब आणि घड्याळ

बफरमध्ये 10 मायक्रोलीटर जायला हवं तिथे 8 गेलं तर पाचवा हिस्सा सॅम्पल कमी पडलं, आणि रिपोर्टही जवळपास तेवढाच खाली येईल. पिपेट उभी धरा, पहिल्या थांब्यापर्यंत दाबून मग टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवा, अंगठा हळू सोडा. टिप बाहेर काढल्यावर बाहेरून चिकटलेला थेंब नळीच्या कडेला टेकवून काढा. टिप डोळ्यांसमोर धरून बुडबुडा नाही ना ते पाहा. बफरमध्ये सोडून ट्यूब उलटसुलट करून मिसळा, जोरात हलवलं तर फेस येतो. मिश्रणातलं ठरलेलं माप, बऱ्याच किटमध्ये 75 मायक्रोलीटर, कार्डाच्या खळग्यात मधोमध एका दमात सोडा. खळग्यावर क्षणभर फुगवटा दिसतो आणि मग तो सावकाश आत ओढला जातो. तो तसाच बसून राहिला तर पट्टी अडलेली आहे, नवीन कार्ड घ्या.

यंत्रात बहुधा दोन पद्धती असतात. एकीत कार्ड लगेच आत घालायचं आणि वेळ यंत्र मोजतं. दुसरीत कार्ड बाहेर ठेवायचं, वेळ आपण मोजायची आणि पूर्ण झाल्यावर आत घालायचं, की लगेच रीडिंग येतं. गर्दीच्या सकाळी दुसरी पद्धत वापरावी लागते आणि गडबडही तिथेच होते. 15 मिनिटांचं कार्ड 25 व्या मिनिटाला वाचलं तर जोडणी पुढे गेलेली असते. आकडा कोणत्या बाजूला चुकेल ते टेस्टवर अवलंबून, पण चुकेल नक्की. प्रत्येक कार्डाला वेगळा टायमर ठेवा, कार्डाच्या कडेला पेशंटचा नंबर आणि सुरुवातीची वेळ पेनने लिहा. एका माणसाने एका वेळी चारपेक्षा जास्त कार्डं चालवू नयेत. नवीन असाल तर दोनच. पहिले पंधरा दिवस पहिल्याच पद्धतीने काम करा.

कार्डाच्या वाचायच्या खिडकीला बोट लावू नका. ट्रे पुसायला टॉवेलचा तुकडा नको. आपल्या गावात तो हाताशी असतोच, पण त्याचे तंतू आत जाऊन भिंगावर बसतात, शिवाय पांढऱ्या सुतातला ऑप्टिकल व्हाइटनर अतिनील प्रकाशात स्वतःच चमकतो. तंतू न सोडणारं कापड वापरा. वापरलेल्या टिपा आणि नळ्या लाल पिशवीत, लॅन्सेट पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, कार्डं तुमच्या जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्याने सांगितलेल्या पिशवीत. घंटागाडीत काहीही जाता कामा नये.

आकडा समोर आल्यावर

आधी युनिट पाहा. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लीटरमध्ये असेल आणि फॉरमॅटमध्ये प्रति डेसिलीटर छापलेलं असेल तर दहापट घोळ. ट्रोपोनिन नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर की प्रति लीटर, यात हजारपट फरक. डी-डायमर एफईयू आहे की डीडीयू (मोजायची दोन वेगळी एककं) ते पाहा, एफईयूचा आकडा साधारण दुप्पट असतो. यंत्र बदललं की रिपोर्टमधली नॉर्मल रेंजही बदला, आणि पद्धत म्हणून फ्लुरोसन्स इम्युनोअसे असं स्पष्ट छापा.

मोजमापाच्या वरच्या टोकाला गेलेला आकडा तसाच ">" चिन्हासह द्या, किंवा किट परवानगी देत असेल तर पातळ करून लावा. फेरिटिन, बीटा-एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) अशा टेस्टमध्ये पदार्थ प्रचंड असला तर हुक इफेक्टमुळे आकडा उलट कमी येतो. गर्भ तीन महिन्यांचा आणि एचसीजी अगदीच किरकोळ, असं दिसलं तर पातळ करून पुन्हा लावा. आणि रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टच्या सहीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

डेंग्यूचे दिवस

गावात पाणी काही दिवसांआड येतं, घरोघरी बॅरल आणि हौद भरलेले असतात आणि पावसाळ्यात एडिस डासांना तेवढं पुरतं. मग एनएस-1 च्या रांगा लागतात. एनएस-1 (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) तापाच्या पहिल्या पाच दिवसांत सापडतो, नंतर कमी होत जातो आणि आयजीएम (शरीराने बनवलेली अँटिबॉडी) वर येतं. म्हणून नाव-वयानंतर तिसरा प्रश्न "ताप कधीपासून" हाच हवा. पूर्व भागातल्या आजींना तेलुगूत "ज्वरं एप्पटिनुंची?" आणि अक्कलकोटकडच्यांना कन्नडमध्ये "ज्वर यावागिनिंद?" असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं. तापाचा दिवस रिपोर्टवर लिहा. सातव्या दिवशीचा निगेटिव्ह एनएस-1 म्हणजे डेंग्यू नाही, असं काउंटरवर कोणीही बोलू नये. सरकारी कार्यक्रमात निश्चित निदान एलायझावर (मोठ्या लॅबमध्ये होणाऱ्या टेस्टवर) धरतात, रॅपिड कार्डावर नाही.

टीबीसाठी वापरतात ते ट्रूनॅट, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं यंत्र, हेही फ्लुरोसन्सच मोजतं. पण ते जंतूचा डीएनए वाढवून पाहतं, म्हणजे पीसीआर. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याची शिफारस केली. त्याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं, इथलं काही तिथे लावू नका.

छातीत दुखतंय म्हणून आलेला पेशंट

ट्रोपोनिनला रांग नाही. छातीत दुखणारा माणूस दारात आला तर आधी त्याला हृदयाची सोय असलेल्या दवाखान्यात पाठवा. टेस्टसाठी थांबवून ठेवू नका. डॉक्टरांनी पाठवलेलं सॅम्पल असेल तर दुखणं किती वाजता सुरू झालं ते विचारून लिहा. ट्रोपोनिन रक्तात वाढायला तीन ते सहा तास लागतात आणि ही छोटी यंत्रं मोठ्या हाय-सेन्सिटिव्हिटी ॲनालायझरइतकी बारीक पातळी पकडत नाहीत. त्यामुळे पहिल्या दोन तासांतला निगेटिव्ह आकडा पेशंटला घरी पाठवायला पुरेसा नाही. दुसरं सॅम्पल त्याच यंत्रावर लावायचं, कारण दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. पॉझिटिव्ह आला तर रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, आकडा युनिटसकट सांगा, त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या आणि फोनची वेळ वहीत टिपा. निगेटिव्ह आला तरी फोन करा आणि दुसरं सॅम्पल किती वाजता हवं ते विचारून रिपोर्टवर लिहा.